वाळवण आमचं, अँटेना त्यांचा!

२०२२ चा एप्रिल महिना. शेजारच्या माईंच्या गच्चीवर चिकाच्या कुरडया घालायचं काम चाललं होतं. माई एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त ऊन त्यांच्याच गच्चीवर येतं, म्हणून दरवर्षी आम्ही दोघी-तिघी आपापलं वाळवण तिथंच घालतो. मी सोऱ्या दाबत होते, माई कडेला बसून कावळ्यांवर नजर ठेवून होत्या आणि आमच्या डोक्यावर, पाण्याच्या टाकीवर चढून एक मेकॅनिक माईंचा टीव्हीचा अँटेना फिरवत होता.

‘‘आलं का?’’ तो वरून ओरडला.

‘‘मुंग्याच हायत!’’ खाली टीव्हीसमोर उभ्या असलेल्या कामवाल्या मावशींचा आवाज आला.

‘‘आता?’’

‘‘जास्ती झाल्या!’’

अर्धा-पाऊण तास हे चाललं. मग तो खाली उतरला आणि म्हणाला, ‘‘आजी, बूस्टर गेलाय.’’ आदल्या महिन्यात त्यानंच वायर गेली म्हणून वायर बदलली होती. माईंनी कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि दिल्या. नवा बूस्टर बसला. मुंग्या होत्या तशाच राहिल्या.

त्या जाणारच नव्हत्या! कारण ज्या टॉवरकडे माईंचा अँटेना तोंड करून उभा होता, तो टॉवरच मुका झाला होता. प्रसार भारतीनं ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलं होतं, की दूरदर्शनची जुन्या पद्धतीची, म्हणजे साध्या अँटेनावर दिसणारी प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्यानं बंद होतील आणि ३१ मार्च २०२२ नंतर मोक्याच्या ठिकाणची ५० केंद्रं तेवढी उरतील. आमच्या गावचं केंद्र त्या पन्नासात कुठलं असायला! वर्तमानपत्रात बातमी आलीही असेल. पण आमच्या गल्लीत ती कुणी वाचली नव्हती, मीही नाही. मला कळलं ते आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीकडून. ती टॉवरच्या बाजूलाच राहते. गप्पांच्या ओघात सहज म्हणाली, ‘‘अगं, ते केंद्र कधीच बंद झालं. आता तिथं कुत्रंसुद्धा नसतं.’’

मेकॅनिकला हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मी त्याच्यावर आळ घेणार नाही. पण माईंचे पैसे दोनदा गेले आणि त्यांच्या सातच्या बातम्या बंद झाल्या त्या झाल्याच. दोन महिने त्या माउलीला वाटत होतं, की आपल्याच टीव्हीचं काहीतरी बिघडलंय. मुलगा फोनवर सांगत होता, ‘‘आई, तो डबा टाकून दे आता.’’ त्या संध्याकाळी कुरडया उचलताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली ती जाईचना. ही गच्ची माईंची. तिच्या कुठल्या कोपऱ्यात कधी सावली येते, वारा कुठून सुटतो, कुठल्या कठड्यावर कावळा बसतो, सगळं त्यांना पाठ. चाळीस वर्षं त्या रोज इथं येतात. पण गच्चीच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या पाइपाला त्यांनी कधी हात लावलेला नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीच आठवून बघा. तुमच्याकडे तरी कुणी लावला होता?

आमच्याकडे १९८८ मध्ये टीव्ही आला, शटरचा. ‘महाभारत’ सुरू होणार म्हणून बाबांनी घेतला. त्याच्या चार-पाच वर्षं आधी, १९८४ च्या सुमाराला, देशभर लहान-लहान प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली आणि तालुक्याच्या गावांत टीव्ही दिसायला लागला. त्यातली बरीचशी केंद्रं १०० वॅटची. म्हणजे स्वयंपाकघरातला जुना पिवळा मोठा दिवा असायचा ना, तेवढ्या ताकदीवर अख्खं गाव टीव्ही बघायचं! त्यामुळं पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे चित्र धूसर व्हायचं. मधे टेकडी आली की संपलंच. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, टेकडीला वळसा घालून येत नाहीत. म्हणूनच अँटेना जितका उंच तितकं चित्र चांगलं. कौलारू घरांवरसुद्धा लोक दोन-दोन बांबू एकाला एक बांधून तो चढवायचे.

अँटेना फिरवायचा म्हणजे तिघांचं काम. बाबा गच्चीवर, दादा जिन्यात आणि आई टीव्हीसमोर. आई सांगायची, दादा तोच निरोप वर ओरडायचा आणि बाबा पाइप फिरवायचे. ‘‘थोडं आलं... अजून... गेलं, गेलं, मागं घ्या!’’ बाबा चिडायचे, ‘‘नीट बघून सांगत जा!’’ आता वाटतं, त्या सगळ्या खटाटोपात खरी जाणकार आईच होती. नुसत्या मुंग्या दिसल्या तर ती म्हणायची, ‘‘तोंड दुसरीकडं झालंय किंवा वायर सुटलीय.’’ एका माणसाची दोन माणसं दिसायला लागली तर म्हणायची, ‘‘हे कशाला तरी आपटून येतंय.’’ अगदी बरोबर होतं तिचं! लहर सरळही येते आणि एखाद्या इमारतीवर किंवा टेकडीवर आपटूनही येते. आपटून येणारी जरा उशिरा पोचते म्हणून शेजारी सावली उमटते. अशा वेळी अँटेना थोडा बाजूला वळवून आपटणाऱ्या लहरीकडे पाठ करायची असते. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. पापड लाटताना पीठ सैल झालं की घट्ट, हे जसं हाताला कळतं, तसं तिला ते डोळ्याला कळायचं. पण तिला वर कधी कुणी बोलावलं नाही. वाळवण घालायला ती दिवसातून चार वेळा गच्ची चढायची. अँटेनासाठी मात्र ती खालीच.

जाता जाता एक गंमत सांगते. गच्चीवरच्या त्या शिडीसारख्या अँटेनाला ‘यागी’ म्हणतात. जपानमध्ये १९२६ च्या सुमाराला त्याचा शोध लागला. त्यातलं बरंचसं मूळ काम केलं शिन्तारो उदा यांनी. हिदेत्सुगु यागी त्यांचे वरिष्ठ. यागींनी पुढं तो इंग्रजीतून जगासमोर मांडला आणि नाव पडलं ‘यागी’. पुस्तकांत ‘यागी-उदा’ असं लिहितात, पण बोलताना उदा गळतोच. हे वाचल्यावर मला हसू आलं. राबायचं एकानं आणि नाव दुसऱ्याचं, हे बायकांना काही नवीन नाही!

असो. माझं स्वतःचं डोकं या विषयात शिरलं ते २०२० मध्ये. शाळा बंद होत्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. पुस्तकातले धडे घरातल्या घरात, खेळत, बोलत शिकायचे. ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरातल्या पोरांसाठी हा मोठाच आधार होता. आम्ही मंडळाच्या चौघी तोंडाला मास्क बांधून वस्तीत निरोप द्यायला निघालो, ‘सह्याद्री लावा, सह्याद्री लावा.’ तेव्हा घरोघरी कळलं, की लावायला टीव्ही आहे, पण दिसत कुठं काय! कुणाच्या केबलचे पैसे थकले होते, कुणाची छत्री जूनच्या वादळानं वाकडी झाली होती. छत्री म्हणजे डिश. आमच्याकडे छत्रीच म्हणतात.

‘‘ताई, मेकॅनिक येईना आन् मालक म्हनतेत लॉकडाऊन उठल्यावर बघू,’’ एक जण म्हणाली. तिची मुलगी तिसरीत होती. ‘‘तवर पोरीनं काय करावं?’’

त्या दिवशी आम्ही ठरवलं, की आपणच बघायचं. माझा भाचा डिप्लोमा करत होता. त्यानं फोनवरून समजावलं आणि आम्ही ती छत्री सरळ केली. पहिल्या वेळी तीन तास लागले! मालक खाली ओट्यावर बसून हसत होते. सह्याद्री लागली तेव्हा हसायचे थांबले आणि आत येऊन टीव्हीसमोर बसले. आम्हाला चहा मात्र त्या बाईनंच दिला. त्या पावसाळ्यात आम्ही अकरा छत्र्या सरळ केल्या.

तेव्हा जे शिकलो ते सांगते, कारण साध्या अँटेनाचे दिवस आमच्या गावापुरते संपले आणि आता फुकट टीव्ही बघायचा तर दूरदर्शनची फ्री डिश हाच रस्ता आहे. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं ती सुरू झाली. एकदा डिश आणि डबा घ्यायचा, साधारण दीड-दोन हजारांत भागतं. मग महिन्याला एक पैसा नाही. माईंच्यासारखा जुना जाडा टीव्ही असला तरी लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनं डबा त्याला जोडता येतो.

पहिली गोष्ट दिशा. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आपण महाराष्ट्रात त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला. म्हणजे डिशचं तोंड हवं आग्नेयेला. वास्तुशास्त्रवाले स्वयंपाकघर कुठं सांगतात? आग्नेयेला! आपल्याला ही दिशा कुणी वेगळी शिकवायला नको. विदर्भात ती जरा दक्षिणेकडे झुकते, कोल्हापूरकडे जरा पूर्वेकडे, एवढाच फरक. आणि उंची? क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्यामध्ये दोन तृतीयांश वर, साधारण ६० अंश. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला सूर्य जिथं असतो ना, मराठवाड्यातून साधारण तीच जागा. सूर्याकडे बघू नका हं, सावलीवरून अंदाज घ्या. उपग्रह इतका वर असल्यामुळं शेजारच्या भिंतीचा फारसा अडथळा होत नाही. डिशपेक्षा दहा फूट उंच भिंत समोर असेल तर तिच्यापासून सहा-सात फूट मागं सरकलं तरी पुरतं. झाडाचं मात्र बघा. आंब्याची फांदी दोन पावसाळ्यांत कुठल्या कुठं जाते आणि मग आपण डब्याला दोष देतो.

डिश बघताना एक फसगत होते. तिचं तोंड जिकडं वाटतं त्यापेक्षा ती बरीच वर बघत असते, तिची घडणच तशी असते. त्यामुळं नवखं माणूस ती फार आडवी करून ठेवतं. आम्हीही केली होती.

आता फिरवणं. साध्या अँटेनाला चार बोटं इकडं-तिकडं चालायचं, चित्र जरा फिकं व्हायचं इतकंच. डिशला ते चालत नाही. दोन फुटी डिशचा काठ जेमतेम दीड सेंटीमीटर सरकला तरी चित्र जाऊ शकतं. आणि जातं ते सगळंच जातं, मुंग्याबिंग्या काही नाहीत, पडदा सरळ निळा किंवा काळा! म्हणून नट अर्धवट सैल करायचा, एकदम मोकळा नाही. केसाएवढं सरकवायचं, मनात पाच म्हणायचं, खालून निरोप घ्यायचा, मग पुढं. डब्याच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. स्ट्रेंग्थवर भुलू नका. ती डिश भलतीकडे असतानाही भरलेली दिसते. आमचा पहिला सव्वा तास त्यातच गेला. क्वालिटीची पट्टी हलली की समजायचं, सापडलं. मग डिशसमोरच्या दांडीवर जो ‘डोळा’ असतो, एलएनबी म्हणतात त्याला, तो बांगडी सरकवावी तसा हलक्या हातानं गोल फिरवायचा. आपल्याकडे तो सरळ उभा नसतो, बराच तिरका बसतो. कोणत्या बाजूला हे पट्टीच सांगते. पट्टी सगळ्यात वर गेली की नट आवळायचे, पण आवळतानाही खाली कुणीतरी पट्टीवर लक्ष ठेवायला हवं, नाहीतर शेवटच्या आवळणीत सगळं मुसळ केरात!

वर चढण्याआधी डब्याचं बटण बंद करून पिन काढायची, कारण त्या वायरीतून वरच्या डोळ्याला वीज जात असते. वायर जोडायची ती बंद डब्यावर, मग चालू करून पट्टी बघायची. जोडाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि जोडाच्या खाली वायरीला थोडा झोल ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ओघळून जातं, जोडात शिरत नाही. धो-धो पावसात चित्र गेलं तर काही करू नका. हे पाणीच त्या लहरी अडवतं, सर ओसरली की चित्र आपोआप येतं. अशा वेळी घाईघाईनं वर जाऊन डिश हलवली की चांगली बसलेली दिशा जाते. आणि वीज कडाडत असेल तर गच्चीवर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बाकी अकरा घरांपैकी एका घरात बिघाड काय होता सांगू? डिशवर ओली साडी वाळत घातली होती! त्या बाईला राग यायला नको म्हणून आम्ही हसलो नाही. ती स्वतःच हसली.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, मोबाइलवर सगळं दिसतं. दिसतं ना. पण कुणाच्या मोबाइलवर? रिचार्ज कोण मारतं, आणि संध्याकाळी तो कुणाच्या हातात असतो? माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत बाईच्या वाट्याला फोन येतो तो रात्री साडेदहानंतर, तोही चार्जिंगला लावलेला. भिंतीजवळचा टीव्ही निदान सगळ्यांचा असतो. त्यावर हवेतून येणारा कार्यक्रम हा आपला हक्काचा आहे, त्याला कुणाची परवानगी आणि कुणाचा पासवर्ड लागत नाही. फ्री डिशवर सगळं आलबेल आहे असंही नाही. त्यावर कोणत्या खासगी वाहिन्या दिसणार हे लिलावावर ठरतं, त्यामुळं आवडती मालिका दिसणारी वाहिनी एखाद्या एप्रिलमध्ये अचानक गायब होते. मराठी वाहिन्या असायला हव्यात तितक्या नाहीत. पण सह्याद्री आहे, बातम्या आहेत, शेतीचं आहे, शिक्षणाच्या वाहिन्या आहेत. ज्या घरात महिन्याचा केबलचा आकडा आणि मुलाच्या वह्या यांत निवड करावी लागते, तिथं हे थोडं नव्हे.

दुसरा आक्षेप घरातून येतो. ‘‘बायकांनी कुठं टाकीवर चढायचं?’’ माझ्या नणंदेनं हेच विचारलं होतं. मी म्हटलं, वन्सं, टाकीवर चढू नका, मीही चढत नाही. डिश कठड्याजवळ, हात पोचेल अशी बसवून घ्या. उंचावर लावल्यानं डिशला काही फायदा नसतो, ते जुन्या अँटेनाचं झालं. आकाश मोकळं दिसलं की बास. खरं सांगायचं तर मला त्या आक्षेपापेक्षा आपल्या बायकांच्या एका वाक्याचा जास्त राग येतो. ‘‘मला बाई त्यातलं काही कळत नाही.’’ आणि हे म्हणताना चेहऱ्यावर कौतुक! तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, चीक नेमका कधी उतरवायचा हे जिला कळतं, तिला दोन नट आणि एक पट्टी कळणार नाही? कळतं. पण कळत नाही म्हटलं की दुसरा करतो, ही सवय लागलेली असते. त्या सवयीचे पैसे माईंनी दोनदा मोजले.

आणि मीही त्यात आलेच. अकरा छत्र्या सरळ करणारी मी, शेजारच्या गच्चीवर माणूस मुक्या टॉवरकडे अँटेना फिरवत होता, तेव्हा मान खाली घालून सोऱ्या दाबत होते. ‘माईंचा मेकॅनिक आलाय, तो बघेल’ असं वाटलं. गल्लीत अजून कुणाला दूरदर्शन दिसतंय का, एवढं विचारायला काय झालं होतं? दोन घरांत विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

मे महिन्यात माईंकडे फ्री डिश आणली. पैसे मुलानं पाठवले. मंडळातल्या दोघी आणि मी गेलो. या वेळी खाली टीव्हीसमोर मी बसले आणि वर माईंना बसवलं, कठड्याजवळ खुर्ची टाकून. नट एकीनं धरला, डिशच्या काठाला हात माईंचा. ‘‘थोडं... थोडं... माई, थांबा!’’ पट्टी हलली. एक्क्याहत्तराव्या वर्षी त्या बाईनं पहिल्यांदा स्वतःच्या घरचं चित्र स्वतः आणलं. नंतर म्हणाल्या, ‘‘एवढंच होतं होय गं?’’ आणि लगेच, ‘‘तो बूस्टर परत घेईल का तो?’’ त्यानं घेतला नाही.

जुना अँटेना आम्ही काढून टाकणार होतो, पण माईंनी काढू दिला नाही. त्याच्या काड्यांना त्यांनी जुन्या काळ्या छत्रीच्या चिंध्या बांधल्या आहेत. वाऱ्यानं त्या फडफडतात आणि कावळे वाळवणाकडे फिरकत नाहीत. यंदा कुरडया घालताना बघितलं, पाइपाला त्यांनी कपड्यांची दोरीही बांधली होती.